तळ्याच्या कांठीं राहिलेलें मूल

शास्त्रपाठ : योहान ५ : १-९



यरुशलेमेंत मेंढरेदरवाज्याजवळ बेथेस्दा नांवाचें एक तळें होतें व त्यास पांच ओसऱ्या होत्या, असें योहान सांगतो. त्या ओसऱ्यांत आंधळे, लंगडे, लुळे असे रोगी दाटीनें पडलेले असत. पाणी हाललें म्हणजे जो प्रथम आंत उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची समजूत होती. (देवदूत येऊन पाणी हालवितो हें वाक्य फार जुन्या हस्तलिखितांत सांपडत नाहीं, म्हणून नव्या भाषांतरांत तें कंसांत किंवा तळटीपेंत घालतात. मंडळींत वाचून दाखवितांना कोणी गोंधळूं नये.) तेथें एक मनुष्य अडतीस वर्षें दुखण्यानें खिळलेला होता. तुला बरें व्हावयाचें आहे काय, असें प्रभूनें त्यास विचारलें. त्यानें ‘हो’ म्हटलें नाहीं. आपणास पाण्यांत उतरविणारें कोणी माणूस नाहीं, आणि आपण सरपटत पोहोंचेपर्यंत दुसराच कोणी उतरून गेलेला असतो, एवढेंच तो सांगूं शकला.

आतां त्या तळ्याचा नियम नीट पाहा. तळें सर्वांस उघडें होतें. कोणास मनाई नव्हती, दारावर पहारा नव्हता. तरी अडतीस वर्षें एक माणूस कोरडाच राहिला. कां? तर जो आधीं पोहोंचेल तो बरा, हा नियम दिसावयास समान. पण ज्याचे पाय धड आहेत, किंवा ज्याचे भाऊबंद त्याला उचलून नेतील, त्याच्याच तो उपयोगाचा. ज्याचा आजार थोडा त्याची धांव मोठी. जो सर्वांत अधिक लुळा त्यास औषधाची सर्वांत अधिक गरज, आणि त्याचीच पाळी कधीं यावयाची नाहीं.

शाळांच्या प्रवेशाचे दिवस आले म्हणजे हें वचन माझा पिच्छा सोडीत नाहीं. गेलीं कांहीं वर्षें माझ्या ओट्यावर प्रार्थनेसाठीं येणारांइतकेच लोक शाळेचे कागद घेऊन येतात. कोणास दाखला पाहिजे, कोणास शिफारस पाहिजे, कोणास नुसतें विचारावयाचें असतें कीं, साहेब, आमच्या पोराला तिथें घेतील का? पूर्वीं मी ह्यास ऐहिक काम समजत असें. आतां तसें समजत नाहीं. मूल कोठें शिकेल ह्यावर तें पुढें काय वाचील, कोणाजवळ बसेल, कोणासमोर मान वर करून बोलेल हें पुष्कळ अंशीं ठरतें. आणि ह्या गोष्टींचा प्रभूस विटाळ नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील एक चांगलें तळें म्हणजे पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें असलेलें जवाहर नवोदय विद्यालय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत अशीं विद्यालयें निघालीं. खेड्यांतील हुशार मुलास, बापाच्या ऐपतीकडे न पाहतां, उत्तम शिक्षण मिळावें हा त्यांचा हेतु. राहणें, जेवण, गणवेश व पुस्तकें विद्यालयाकडून मिळतात. सहावीच्या वर्गांत फार तर ८० मुलें घेतात. त्यांपैकीं निदान शेंकडा ७५ जागा खेड्यांतील मुलांस, निदान एक तृतीयांश मुलींस, व मागास वर्गांस निराळ्या राखीव असतात. परीक्षा मराठींत देतां येते. नियम करणारानें खेड्याची आठवण ठेवून ते केले आहेत, हें उघड आहे, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावे. पण आपला जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. त्यास पायऱ्या ८०.

शास्त्रांतही शाळाप्रवेशाचा एक स्पष्ट दाखला आहे. दानीएलाच्या पहिल्या अध्यायांत नबुखद्नेस्सर राजा आज्ञा करतो कीं, राजकुळांतील व सरदारांच्या घरचे, अंगांत व्यंग नसलेले, रूपानें चांगले व बुद्धीनें तल्लख असे तरुण निवडून आणावे. त्यांस तीन वर्षें शिकवावें, अन्न राजाच्या भोजनांतलें द्यावें. त्या शाळेंतून दानीएल निघाला, आणि देवानें त्याचा उपयोग केला. म्हणून निवड करणें हेंच पाप, असें मी म्हणत नाहीं. एवढेंच विचारतों कीं, त्या दिवशीं यहूदी कैद्यांच्या तांड्यांत मजुरांच्या पोटचीं तल्लख मुलें नव्हतीं काय? राजाच्या माणसानें त्यांच्याकडे पाहिलेंच नाहीं.

पाथर्डी, शेवगांव ह्या भागांतील वाचकांस पुढचें सांगावयास नको, इतरांसाठीं सांगतों. दसरा-दिवाळी झाली कीं तेथल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक कोयता होऊन कारखान्यावर जातात, आणि मुलें बरोबर जातात. उसाच्या फडाजवळ कोपी घालतात. दहा वर्षांची मुलगी तेथें धाकट्यास सांभाळते, पाणी भरते, पहाटे आई फडांत गेली म्हणजे भाकरी करते. पाडव्याच्या सुमारास मंडळी परत येतात. आतां नवोदयची परीक्षा केव्हां असते पाहा. २०२५ सालीं ती १८ जानेवारीस झाली. त्यापुढची १३ डिसेंबर २०२५ रोजीं झाली. दोन्ही तारखा भर गाळपाच्या हंगामांत. मुलास ह्या परीक्षेस आयुष्यांत एकदांच बसतां येतें. शिवाय खेड्याच्या राखीव जागेसाठीं तिसरी, चौथी व पांचवी ह्या तिन्हीं इयत्ता खेड्यांतील मान्य शाळेंत पूर्ण शिकलेल्या असाव्या लागतात. ज्या मुलाचे प्रत्येक वर्षाचे चार-पांच महिने उसाच्या पाचटांत जातात, त्याचें वर्ष पूर्ण झालें असें हजेरीपत्रक म्हणेल; पण दोन तासांत सोडवावयाचीं गणितें तें कोठें शिकलें? ही तारीख कोणीं दुष्टाव्यानें ठरविलेली नाहीं. ती ठरवितांना ऊसतोड्याची आठवण कोणास झाली नाहीं, इतकेंच. बेथेस्देच्या कांठीं तरी त्या पंगूस कोण मुद्दाम मागें ओढीत होतें?

आणि खेड्याच्या जागा खेड्यासच मिळतात, तरी खेड्यांतील कोणास? तालुक्याच्या गांवीं नवोदयच्या तयारीचे क्लास निघाले आहेत. गांवांत राहणाऱ्या नोकरदाराचें मूल मोटारसायकलवर मागें बसून तेथें जातें. त्यानें जाऊं नये काय? अवश्य जावें. परंतु मग निकाल लागल्यावर त्याचा बाप मंडळींत उभा राहून म्हणतो कीं, आमच्या मुलावर देवाची कृपा झाली. तेव्हां मागच्या चटईवर बसलेली बाई मनांत समजते कीं, आपल्यावर झाली नाहीं. साक्ष देतांना जपून बोलावें.

दुसरें तळें शहरांतलें. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. खासगी विनाअनुदानित शाळांनीं पहिलीच्या वर्गांत निदान शेंकडा २५ जागा दुर्बळ व वंचित घरच्या मुलांस द्याव्या व त्यांस आठवीपर्यंत मोफत शिकवावें, प्रवेश देतांना मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेऊं नये, देणगी मागूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. अर्ज अधिक आले तर सोडत काढतात. चिठ्ठीला मामा-काका नसतो. मत्थियाची निवड प्रेषितांनींही चिठ्ठ्या टाकूनच केली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं आपल्या राज्य सरकारनें नियम बदलला आणि ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिच्यावरचें हें बंधन काढून टाकलें. मुंबई उच्च न्यायालयानें ६ मे रोजीं त्यास स्थगिति दिली व १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द केला. ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानेंही शाळाचालकांचें अपील फेटाळलें. गरिबाच्या मुलासाठीं कोणी कोर्टाची पायरी चढलें, हें वाचून मला समाधान वाटलें. वाडीवस्तीवरच्या माणसास मात्र ह्या जागांचा उपयोग थोडाच, कारण अंतराची अट असते आणि अशी शाळा तालुक्याच्या गांवींच असते.

पण बंधूंनो, हा कायदा आपल्याच दारीं येऊन थांबतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांस, व २०१४ सालीं सर्वच अल्पसंख्याक शाळांस ह्या कायद्यांतून वगळलें. १ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं २०१४ च्या निर्णयाविषयीं शंका दाखविली व त्याचा विचार मोठ्या पीठानें करावा, असें म्हटलें. कोर्ट काय करील तें करो. ख्रिस्ती संस्थांस आपल्या शाळा आपण चालविण्याचा अधिकार राज्यघटनेनें दिला आहे आणि तो मोलाचा आहे. तो कोणीं सोडून द्यावा असें मी सांगत नाहीं. तो कशासाठीं दिला आहे हें मात्र विचारणें भाग आहे. कायदा ज्या पंगूस आंत घे म्हणून इतरांस सांगतो, त्यास बाहेर ठेवण्याची मोकळीक आम्हांला मिळाली. ती मोकळीक आम्हीं कशी वापरली?

इतरांचें मी सांगत नाहीं, माझें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शहरांतील ख्रिस्ती संस्थेच्या शाळेंत जागा थोड्या व मागणारे पुष्कळ अशी स्थिति होती. शाळेचें नांव घेण्याचें कारण नाहीं, कारण येथें दोष माझा आहे. पाळकाचें शिफारसपत्र असलें तर अर्ज वर येतो, हें सर्वांस ठाऊक होतें. आमच्या मंडळींतील एक सुखवस्तु गृहस्थ आपल्या मुलासाठीं पत्र मागावयास आले. ते मंडळीच्या कामांत नेहमीं पुढें. छपराचे पत्रे त्यांनींच दिले होते. मीं चहा संपण्याआधीं पत्र लिहून दिलें. त्याच आठवड्यांत एक विधवा बाई आली. ती दुसऱ्यांच्या शेतांत खुरपावयास जाते. तिचा मुलगा संडेस्कुलांत वचनें सर्वांआधीं पाठ करून दाखवी. ती म्हणाली, “पाळकसाहेब, मला कागदातलं काय कळतं? तुम्हीच काय ते बघा.” मीं तिला म्हटलें, “बाई, तुम्ही अर्ज भरा, मी प्रार्थना करतों.” आणि खरोखरच मीं प्रार्थना केली. पत्र लिहिलें नाहीं. एकाच शाळेस एकाच आठवड्यांत दोन पत्रें दिलीं तर पहिल्याचें वजन कमी होईल, हा विचार माझ्या मनांत स्पष्टपणें आला होता.

मुलगा गांवच्या शाळेंतच राहिला. पुढें दहावीला न बसतां तो एका गॅरेजांत लागला. त्या शाळेंत गेला असता तर काय झाला असता हें मला सांगतां येत नाहीं. त्याची आई अजूनहि दर रविवारीं येते व उपासनेनंतर मला नमस्कार करते. तिनें कधीं एक शब्द काढला नाहीं. सभेंत अंगठीवाल्यास पुढें बसवून फाटक्या कपड्यांच्या माणसास पायांशीं बस म्हणणारांविषयीं याकोबानें आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत जें लिहिलें आहे, त्यावर मीं पूर्वीं तीन वेळां उपदेश केला होता. त्यानंतर केलेला नाहीं.

आपण कोण, हें आपण विसरतों म्हणून असें होतें. १८३१ सालीं अमेरिकन मिशनचे लोक नगरास आले, त्या काळीं आपल्यांतील बहुतेकांच्या पूर्वजांस शाळेच्या ओसरीवरहि चढूं देत नव्हते. १८५६ सालीं धारवाडास एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. तो नेहमींची फी भरावयास तयार होता. त्याला घेतलें नाहीं. आणि मुंबई सरकारनें कारण काय दिलें? एका मुलासाठीं शाळा इतर सर्वांच्या उपयोगाची राहणार नाहीं, अशा अर्थाचें. म्हणजे तळें सर्वांचें, पण तूं उतरलास तर बाकीचे उठून जातील. पुढें १८५८ सालीं इंग्लंडांतील डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या आहेत असें ठरवून दिलें. कागदावरचें तें ओसरीवर यावयास किती काळ लागला, हें आपल्या आजोबांनीं पाहिलें आहे.

त्या काळीं कोणी तरी आपणास उचलून नेलें. मिस सिंथिया फरार १८२७ सालीं अमेरिकेहून मुंबईस आल्या. १८३९ पासून १८६२ त मरण येईपर्यंत नगरास मुलींस शिकवीत राहिल्या. जोतीराव फुले यांनीं १८४८ त पुण्यास मुलींची शाळा काढली, त्याआधीं ते नगरची ही शाळा पाहून गेले होते. आणि सावित्रीबाईंनीं शिक्षिकेचें काम शिकण्यासाठीं याच बाईंकडे अभ्यास केला. पुढें फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांगाच्या मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापला गेला. त्यांत ती आपल्या लोकांस तुम्ही रोगी आहांत असें म्हणते व ज्ञान हें औषध घ्या म्हणून सांगते. बेथेस्देचा अध्याय तिनें वाचला होता कीं नाहीं कोण जाणे. पण तळ्याच्या कांठीं पडून राहण्याचा अर्थ तिला आम्हां पाळकांहून अधिक समजत होता. फुले यांनींही १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हीच तक्रार मांडली कीं, सारा शेतकऱ्यापासून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर खर्च होतो.

अशा रीतीनें उचलून नेलेल्यांचीं आम्ही नातवंडें. आतां आमचे पाय धड झाले आहेत. आमच्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेंत व तहसिलींत काम करणारे आहेत. आणि पाणी हाललें कीं आम्ही आपापल्या मुलांस खांद्यावर घेऊन धांवतों. धांवण्यांत पाप नाहीं. बाजूस कोण पडलें आहे तें न पाहण्यांत आहे.

येथें प्रभूनें काय केलें तें पुन्हां पाहा, कारण ह्यांत माझी स्वतःची समजूत बदलली. मला पूर्वीं वाटे कीं, प्रभूनें त्या माणसाला उचलून पाण्यांत ठेवलें असतें तर दाखला किती सोपा झाला असता! पण तसें त्यानें केलें नाहीं. तळ्यापर्यंत नेलेंच नाहीं. जेथें तो पडला होता तेथेंच त्यास उठविलें व आपली बाज उचलून चालावयास सांगितलें. पहिला येण्याची अट त्यानें मानली नाहीं. म्हणून ८० जागांत आपलें एक मूल बसविलें कीं आपलें काम झालें, असें मला म्हणतां येत नाहीं. जें मूल कोठेंच निवडलें गेलें नाहीं तें ज्या शाळेंत उरतें, ती जिल्हा परिषदेची शाळा आपल्या दारापुढेंच आहे. तिच्या व्यवस्थापन समितींत आईबापांचे प्रतिनिधि बहुसंख्य असावे, असें २००९ च्या कायद्यांतच आहे. पण आमच्या लोकांपैकीं कोणी त्या सभेस जातो काय? गांवांत मंडळीची सभा केव्हां हें सर्वांस ठाऊक असतें. शाळेची सभा केव्हां हें मीं मागच्या महिन्यांत तीन गांवीं विचारलें, तेव्हां तिन्हीं ठिकाणीं एकमेकांकडे पाहिलें. ऊसतोड्यांच्या मुलांस हंगामांत गांवींच ठेवून जेवण देण्याची हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. ती मागावी लागते, आपोआप येत नाहीं.

उपदेशकबंधूंस एक सूचना. मंडळीचें शिफारसपत्र देणें मीं बंद केलेलें नाहीं, कारण माझें बंद केल्यानें दुसऱ्याचें वजन वाढेल. पण आतां जो मागतो त्यास देतों, सर्वांस एकाच मजकुराचें. आणि कोणास दिलें त्यांची यादी मंडळीच्या दाराशीं लावतों. पहिल्या वर्षीं दोन घरें रागावलीं. त्यांतील एक घर अद्यापि आमच्याकडे येत नाहीं. दाखल्यांच्या कामासाठीं महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं उपासनेनंतर आमच्यांतील एक शिकलेला तरुण ओट्यावर बसतो. जातीच्या दाखल्यांत आपल्या लोकांची फार फसगत होते : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें ख्रिस्ती झालेल्यांस अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहींत, महाराष्ट्रांत ते इतर मागास वर्गांत धरले जातात. कागदावर एक व तोंडीं एक असें झालें कीं अर्ज अडतो, आणि तोंवर पाणी हालून गेलेलें असतें.

त्या विधवा बाईची धाकटी बहीण पाथर्डीकडे दिलेली आहे. तिचीं माणसें दरवर्षीं तोडीला जातात. तिची मुलगी यंदा पांचवींत आहे. शिक्षक म्हणतात, गणितांत तिच्या बरोबरीचें वर्गांत कोणी नाहीं. नवोदयचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीसह भरला आहे. पण परीक्षेच्या दिवशीं ती फडावर असेल. म्हणून हंगाम संपेपर्यंत मुलीस आपल्या घरीं कोण ठेवील, असें मीं गेल्या रविवारीं तेथल्या मंडळींत विचारलें. कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं; मग दोन घरांनीं हो म्हटलें. धाकट्या भावास कोपीवर कोण सांभाळील, हा तिच्या आईचा प्रश्न अजून सुटावयाचा आहे. त्यासाठीं बुधवारीं मी पुन्हां तिकडे जात आहें.